बाकी पुढच्या रविवारी

वाघचौरे सर आमच्या कॉलनीतल्या मुलांना क्रिकेट शिकवतात आणि गेल्या चौदा महिन्यांत त्यांनी एकही मॅच संपवलेली नाही. हे ऐकीव नाही. मैदानाची वही माझ्याकडे असते. तारीख, हजेरी, सराव, हरवलेले चेंडू आणि निकाल असे पाच रकाने मी स्वतः आखलेत. चार भरलेले आहेत. पाचव्यात एकही निकाल नाही.

सर मूळचे गंगापूरकडचे. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर आले. गळ्यात शहागंजच्या बाजारातून आणलेली शिट्टी असते, पण ती ते कधी वाजवत नाहीत. "शिट्टी वाजली की पोरं खेळ सोडून माझ्याकडं बघतेत," म्हणतात. मग घातली कशाला, असं मी विचारलं. "नसली की गळा मोकळा मोकळा वाटतो, ताई."

त्यांच्याकडे पहिला आठवडा बॅट कुणालाच मिळत नाही. मिळतो पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास. तो हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. पाणी सांडलं की धावबाद. "डोकं हललं की डोळा हलतो. डोळा हलला की कारभार आटोपला." यॉर्करच्या सरावाला क्रीजवर गोलंदाजाचीच चप्पल ठेवतात आणि तिच्यावर नेम धरायला लावतात. मुलीची नवी सँडल अशी पणाला लावली म्हणून एक आई तक्रार घेऊन आली. सरांनी सँडल उलटीपालटी करून तिला दाखवली. "बघा, एक तरी डाग हाय का? नेम बसला असता तर मीच पेढे वाटले असते."

मॅच फक्त रविवारी. साडेसहा वाजले की सर हात वर करतात. "लई झालं. बाकी पुढच्या रविवारी." मग तीन धावा हव्या असोत की एक. एकदा चेंडू हवेत असतानाच त्यांनी हे म्हटलं. खालच्या मुलाने झेल घेतला, आणि फलंदाज बाद की नाबाद यावर आठवडाभर कॉलनीत दोन तट पडले होते. बरं, उरलेली मॅच पुढच्या रविवारी तरी संपावी ना? तसंही नाही. सर अर्ध्यात नवीन खेळाडू घालतात, षटकं वाढवतात, आणि साडेसहाला पुन्हा काहीतरी उरलेलंच असतं.

त्याच सुमारास त्यांचा फोन वाजतो. मुलगा हैदराबादला असतो, त्याचा. सर मैदानाच्या कडेला पडलेल्या रोलरच्या पलीकडे जाऊन बोलतात, पण आवाज मैदानावरचाच. "सहा पायजेत. दोन गडी हायेत. नाय, आता नाय सांगत. पुढच्या रविवारी." पाच मिनिटं, कधी सात.

गेल्या महिन्यात पालकांचा संयम सुटला. सुरुवात मैदान समितीच्या शेखभाईंनी केली. त्यांची आफरीन निळ्या संघात नाबाद राहिली होती. "मॅडम, बच्ची आठ दिन से पूछ रही, अब्बा, हम जीते या हारे? मैं क्या बोलूं?" समितीने ठरवलं, येत्या रविवारी निकाल लागला पाहिजे. नाहीतर दुसरे सर बघायचे. हे कळवण्याचं काम माझ्याकडे आलं.

सरांनी शिट्टी बोटांत फिरवली. "संपवायचीच का?"

"हो. वहीत निकाल हवा."

"वहीत पायजे म्हटल्यावर काय," ते म्हणाले.

रविवारी मॅच संपली. आफरीनने शेवटचा चौकार मारला, सगळ्यात आधी टाळ्या सरांनीच वाजवल्या. शेखभाई पेढे आणायला स्कूटरवरून निघाले. मी पाचव्या रकान्यात पेनाने 'निळा संघ विजयी' लिहिलं आणि पट्टी धरून खाली रेघ मारली. फार बरं वाटलं. मग सही घ्यायला रोलरकडे गेले, तर सर फोनवर होते.

"हां बोल. संपली. निळे जिंकले." पलीकडून काहीतरी विचारलं. "व्हय, संपली म्हणजे संपली." मग सर चपलेने रोलरवरची माती खरवडत राहिले. "जेवन? हां, करतो की." "बरं मग."

घड्याळ बघायची मला सवय आहे. एक मिनिटही झालं नव्हतं.

सरांनी सही केली. वही हातातच ठेवून म्हणाले, "त्याची आई होती तवा तीच बोलायची त्याच्याशी. घंटाभर. मी मागून इचारायचो, मॅच बघितली का? आमचं दोघांचं तेवढंच. आता ती नाय." वही माझ्यापुढे करत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, ताई. काय तरी राहिलंय म्हटलं की फोन करतंय."

मी वही घेतली. निकाल मी पेनाने लिहिते, पण चेंडू-चेंडूचा खेळ मागच्या पानावर पेन्सिलीने. ते पान उघडलं. लाल संघाचा डाव, सातवं षटक. निर्धाव गेलं होतं. सहा चेंडू, सहा ठिपके, एका ओळीत. पर्समधून खोडरबर काढलं आणि शेवटचा ठिपका पुसला.

"सर, या षटकात पाचच चेंडू पडलेत. लाल संघाचा एक चेंडू राहिलाय."

त्यांनी पानाकडे पाहिलं. खोडरबराचा भुगा अजून तिथंच होता. "तुमच्या वहीत चूक, ताई?"

"झाली. माझी चूक आहे, समितीला मी सांगेन."

सर उठले. रोलरच्या पलीकडे गेले. इतके महिने फोन यायचा, आज त्यांनी लावला.

"अरे ऐक, एक बॉल राहिलाय! लालवाल्यांचा. छक्का बसला तर सगळं फिरतंय. कोन टाकणार? ते आता नाय सांगत."

फाटकातून शेखभाई पेढ्यांचा पुडा घेऊन येताना दिसले. त्यांना काय सांगायचं याचे मुद्दे मी मनात काढायला घेतले, आणि ते जवळ येईपर्यंत पट्टी धरून, अगदी सरळ रेघेत, निकाल खोडला.