राणेकाकांच्या फुलामागचं

अन्याय राणेकाकांवर झाला. गेल्या रविवारी, सकाळी सव्वाअकराला, बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सगळे हजर होतो. टाळ्याही आम्हीच वाजवल्या.

राणेकाका मूळचे राजापूरचे, बस डेपोतून रिटायर झालेले. घरात एकटे राहतात आणि त्यांचं चित्र पॅसेजमध्ये. घरात उजेड कमी, म्हणून खिडकीखाली स्टुलावर ठेवलेलं. पांढरं अनंताचं फूल, मागे काळपट जांभळं काहीतरी, आणि वर पाटी: ‘ओलं आहे’. पाटीवरच इतकी धूळ, की तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

काका फुलाला कधी ब्रश लावत नाहीत. फक्त मागचं रंगवतात. जवसाच्या तेलात चिमूटभर रंग, काचेसारखा पातळ थर. तो वाळला की दुसरा. खालचा रंग वरच्यातून दिसला पाहिजे, हा हट्ट. बोटं कायम तेलकट, त्यामुळे नमस्कारसुद्धा कोपरानं.

“काका, हे कालच्यासारखंच दिसतंय!”

“नीट बघ. कालचं आत गेलंय.”

“एकदाच रोलर मारून टाका ना.”

“पुढारीबाई, हा मोर्चा नाही. घोषणा दिली आणि घरी गेलं, असं इथे चालत नाही.”

पुढारीबाई म्हणजे मी. पत्रकं वाटते म्हणून.

तर रविवारी सोसायटीची सफाई मोहीम होती. सेक्रेटरी कदमसाहेबांनी चित्राला बोट लावलं. “अरे बापरे, केवढा चिकटा बसलाय! एकटा म्हातारा माणूस, पुसणार कोण?” गेटच्या रंगकामाचं टर्पेंटाइन होतंच. त्यांनी फडकं भिजवलं आणि अगदी मनापासून चित्र पुसलं. फडकं जांभळं झालं. “बघा, किती मळ निघाला!” तेव्हाच त्या टाळ्या.

आवाज ऐकून काका बाहेर आले. चिडले असते, तर आम्ही भांडलो तरी असतो. त्यांनी वाकून आधी पाकळ्या पाहिल्या. फूल जुनं, कधीचं वाळलेलं, म्हणून वाचलं होतं. मागे मात्र नुसते फराटे.

“फूल आहे,” ते म्हणाले. “हिनं काढलंय ते. फुलामागे संध्याकाळ रंगवायची म्हणत होती, तेवढंच राहिलं. मला कुठे येत होतं हे सगळं? शिकतोय.”

काकूंना जाऊन इतकी वर्षं झाली. तेवढ्या काळात त्या स्टुलाची तक्रार मीटिंगमध्ये कितीदा तरी झाली. फूल कुणाचं, हे एकानंही विचारलं नव्हतं.

“काका, सॉरी, मला वाटलं...” कदमसाहेब पुटपुटले.

“ते फडकं द्या इकडे. आत या, साबण देतो. टर्पेंटाइननं कातडी फाटते.”

आणि आमचे सेक्रेटरी मान खाली घालून काकांच्या घरात शिरले. पहिल्यांदाच.

हे लिहिताना लाज वाटतेय, पण तुम्हालाही सुटका नाही. तुमच्या मजल्यावर एकटं राहणारं कुणीतरी असेलच. आज जा, बेल वाजवा, “काय करताय?” एवढं विचारा. आणि उत्तर पुरं होईपर्यंत तिथून हलू नका.