लहान माशांचे पोटीं यंत्र घातलें त्याची हकिकत

श्रीजलाधिपति प्रसन्न. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठमासीं वर्तमान जाहलें तें ऐसें जे, एका राज्यांत नदी होती आणि नदीवर धरण होतें आणि माशांचीं पिलें दरसाल धरण उतरोन समुद्राकडे जात. महाराज बोलिले, "आमच्या मुलखांतून न पुसतां जातात म्हणजे काय?" मग आज्ञा जाहली कीं, पिलांचे पोटीं ठावठिकाणा सांगणारें विजेचें यंत्र घालावें आणि काठीं चौक्या बसवून मासा कोठवर गेला तें ऐकावें. यंत्रास टॅग म्हणत. तें शेंगदाण्याएवढें, आणि पिलूं करंगळीएवढें. काम अंतोबा वैद्यांकडे आलें. वय साठीपार, कंबर धरलेली, आणि पिलांस लवंगतेलाच्या पाण्यांत गुंगी देऊन देऊन अंगास मसालेभाताचा वास.

अंतोबांनीं अर्ज केला कीं आधीं परीक्षा पाहावी. मग तीन हौद केले: एकांत यंत्र घातलेले, दुसऱ्यांत नुसते चिरून शिवलेले, तिसऱ्यांत जैसे थे. दिवाण गिरमाजीपंत पाहावयास आले आणि बोलिले, "वैद्यबुवा, हे रिकामेच शिवले ते कशास?"

"सुरीचें दुखणें कोणतें आणि यंत्राचें कोणतें, तें निवडावयास, सरकार."

"म्हणजे चीर मिळाली, नेमणूक नाहीं! असे आमच्या दरबारीं पुष्कळ आहेत. त्यांस कोणी हौद देत नाहीं."

मग महिना लोटला आणि दिसोन आलें कीं, रिकामे शिवलेले बरे होऊन पोहूं लागले आणि पिलांतील मोठ्यांनीं यंत्रही सोसलें, परंतु लहान पिलें भारानें तळ धरून राहिलीं, वाळलीं, आणि कित्येक मेलीं. अंतोबा दरबारीं हात जोडून म्हणाले, "लहानांस माफी असावी." दिवाणांनीं लहानथोर एकत्र करून हिशेब मांडिला आणि बोलिले, "सरासरी मासा खुशाल आहे."

"सरासरी मासा नदींत नसतो, सरकार."

"नसेना. मग मरायचाही नाहीं. लागा कामाला."

मग अंतोबा नदीकाठीं बसले आणि मोठ्यांस यंत्रें घातलीं आणि लहान पिलूं हातीं घेतलें, तों तें तळहातावर नुसतें थरथरलें आणि सुरी उचलवेना. भांडावयाचें त्राण नव्हतें. त्यांनीं पिलें तैशींच पाण्यांत सोडिलीं आणि त्यांचीं यंत्रें फडक्यांत बांधून घाटाच्या पायरीखालीं पाण्यांत दडविलीं.

पुढें चौक्यांवरून खबर आली: मोठे धरण उतरोन गेले, लहान सर्व एके ठायीं, हलत नाहींत. अंतोबांस बोलावणें आलें. बुवांनीं स्नान केलें, सुनेस "जेवायला थांबूं नका" म्हणून सांगितलें आणि दरबारीं जाऊन मान खालीं घातली. महाराज गहिंवरोन बोलिले, "पाहा ही लहान प्रजा! मोठे गेले, परंतु यांतील एकानेंही हद्द सोडिली नाहीं. वैद्यबुवा, यंत्रानें ऐशी निष्ठा येते, हें आधीं कां न सांगितलें?" मग शालजोडी दिली, आणि पुढील सालीं याहून लहान पिलें घ्यावीं ऐशी आज्ञा जाहली. अंतोबांनीं शाल सांवरली आणि घरीं जेवावयास गेले.

सारांश, तीं पिलें समुद्रास पोहोंचलीं कीं नाहीं हें त्या राज्यांत कोणासही ठाऊक नाहीं. यावरून पोहोंचलीं असावीं. लेखनाचा शीण पुरे.