तुपाचा निवाडा

श्री. ज्याचे साक्षीने सर्व घडले आणि जो काही बोलिला नाही, त्या देवास नमन करून लिहिणे ऐसे जे: शके सोळाशे एक्क्याण्णव, संशयनाम संवत्सरी, एका राज्यात मठाची स्वैपाकीण येसूकाकू दरबारचे चिटणिसाची स्त्री मैनाबाई इजला म्हणाली, "बयोस मठात पाठास एकटी धाडीत जाऊ नको. तूही जाऊन बैस." मैनाबाई लिहिणेवाचणे शिकलेली, बयो एकुलती लेक, तरी हसून म्हणाली, "काकू, तुम्हांस मोतीबिंदू. भातातला खडा दिसत नाही, आणि भलते मात्र बरे दिसते." मठाधिपती निश्चयानंद स्वामी थोर, राजे त्यांचे पाय धूत, आणि स्वामींनी बयोची वाणी स्वच्छ म्हणून चारचौघांत वाखाणिली होती, तेणेकरून आईस मूठभर मांस चढले होते. काकूचे म्हणणे इतकेच की, मठात वाढणारी पोरकी साळू, तीस पाठानंतर स्वामी चंदन उगाळावयास ठेवून घेतात आणि दारास आतून कडी पडते. आणि जी पोर भाकरीवर भाकरी मागे, ती आता ताट सारून हात धूत बसते, ते धूतच बसते. मग एके दिवशी बयो घरी येऊन म्हणाली, "आई, साळू नीट उगाळीत नाही. उद्यापासून मी थांबायचे." तेव्हा मैनाबाईचे हातून परात सुटली आणि ती तशीच काकूस घेऊन धर्मखात्याचे मुख्य पंडितराव यांचे पुढे जाऊन उभी राहिली.

पंडितराव मठातच सभा भरवून काकूस पुसते जाहले, "आत काय घडले ते पाहिले?" काकू म्हणाली, "कडी पाहिली." "मग आता कडीची जबानी घ्यावी काय?" सभा हसली. साळूस पुसले तो ती खाली मान घालून उभी, कारण स्वामी समोरच बसलेले. मग ठरले की काकूने दिव्य करावे. उकळत्या तुपातून सोन्याचा रवा काढावा, हात न भाजल्यास बाई खरी. मठाच्याच शिष्यांनी चूल पेटविली, आणि तूप तापले की नाही हे पाहणेस पंडितरावांनी स्वहस्ते पिंपळाचे पान टाकिले, त्याचा तळून पापड जाहला, तो सर्वांनी पाहिला. आणि काकूने पदर खोचिला, हात घातला, रवा काढून पाटावर ठेविला, आणि पंडितरावांनी तिचे हातास पिशवी बांधून वर मोहोर केली. पुढे मोहोर मोडिली तो हात जैसा होता तैसा, एक फोड नाही.

मैनाबाईस वाटले, सुटलो. तो पंडितराव बहुत विचार करून बोलते जाहले की, तूप पुरते तापले नसावे. काकू म्हणाली, "पान तळले ते?" "पान कोवळे होते." सबब तुपाविषयी संशय उत्पन्न होतो, आणि संशयाचा फायदा स्वामींस देणे हा धर्म. हात भाजता तर बाई खोटी होती. न भाजला तर तूप खोटे जाहले. मग पंडितराव वळून म्हणाले, "मैनाबाई, तुमची तरी खात्री आहे?" मागून नवरा पुटपुटला, "नाही म्हण, आणि घरी चल." मैनाबाई म्हणाली, "खात्री नाही. म्हणूनच लेक घरी नेते. खात्री होईतो थांबणे ज्यांस जमते त्यांनी थांबावे. साळूसही नेते." पंडितराव म्हणाले, "साळू मठाची. तिजवर तुमचा हक्क कोणता?" मैनाबाईने हक्काचे सारे शास्त्र आठवून पाहिले, त्यात साळूपुरते काही निघाले नाही. मग तुपास बट्टा लाविला म्हणोन काकूस हद्दपार केले, आणि मैनाबाईस मठाची पायरी बंद केली, आणि बयो आईचे बोट धरून चालू लागली तेव्हा साळू चौकटीस धरून पाहत होती, रडली नाही.

एकूण हकीकत इतकी. राज्यात शांतता जाहली, स्वामींस नवी पालखी जाहली, पाठ चालू आहे. मैनाबाईस द्वारपाल ओळखतो, वाचणारांस ओळखत नाही. तरी विनंती की, दर्शनाचे निमित्त करून आत जावे आणि साळू कोठे आहे असे पुसावे. निजली आहे, कामात आहे, ऐसे सांगतील. हो म्हणावे आणि बसून राहावे. ती डोळ्यांनी दिसेपर्यंत उठू नये.