उलटे फोटो पाहणारे नाना

कार्ड खराब झालं नव्हतं. हे वाक्य मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, छायाचित्र मंडळातल्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या नाना मोहरिलांना तर नाहीच. नानांच्या पत्नीचा, आमच्या काकूंचा, समोरून काढलेला एक चांगला फोटो माझ्या कॅमेऱ्यात होता. तो मी माझ्या हातानं पुसला. काकू गेल्यावर नानांना सांगितलं ते वेगळंच.

पण हा फोटो म्हणजे किती मोठी गोष्ट होती हे कळायला आधी नाना कळायला हवेत.

नाना फोटो उलटा धरून पाहतात. डोकं खाली, पाय वर. मंडळातला फोटो असो, वर्तमानपत्रातला असो की लग्नाचा अल्बम असो, हातात आला की पहिल्यांदा फिरणार. मग चष्मा कपाळावर, फोटो नाकाजवळ, आणि थोड्या वेळानं निकाल: "पडला."

नानांच्या दरबारात दोनच निकाल आहेत. 'टिकला' आणि 'पडला'. "उलटा केल्यावर जो टिकते तो फोटो. बाकी नुसती ओळखपाळख," असं ते म्हणतात. सरळ फोटोत आपण माणूस ओळखतो, झाड ओळखतो आणि खूश होतो. उलटा केला की ओळख जाते आणि उजेड, वजन, रिकामी जागा तेवढी उरते, असा त्यांचा सिद्धांत. ही सवय नोकरीतली असावी. नानांचा सगळा जन्म जमीन मोजणीच्या ऑफिसात गेला, आणि तिथं नकाशा फिरवल्याशिवाय शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सापडत नसे. साहेब लोक नकाशा सरळ धरत आणि चुकत, हे नाना अजूनही मोठ्या आनंदानं सांगतात.

आमचं छायाचित्र मंडळ यवतमाळातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरतं. रविवारी सकाळी, लहान पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून आम्ही मोठी माणसं बसतो. मी सचिव, म्हणजे किल्ली माझ्याकडे. पोटापाण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. इतक्या वर्षांत नानांकडून 'टिकला' कोणालाही मिळालेला नाही. आमच्यातला प्रेम राठोड फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. शिक्षक आहे आणि पक्ष्यांचे फोटो फार सुंदर काढतो. त्याच्या एका फोटोला मुंबईच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा तो मोटरसायकलवर पेढे घेऊन आला. नानांनी पेढा खाल्ला, फोटो फिरवला, आणि म्हणाले, "पेढा टिकला."

मंडळात प्रोजेक्टर आला तेव्हा मोठीच पंचाईत झाली. भिंतीवरचा फोटो फिरवायचा कसा? नानांनी त्यावरही मार्ग काढला. ते बाकावर उताणे पडत आणि मान मागे लटकती सोडून भिंतीकडे पाहत. एका नव्या सभासदानं ते पाहिलं आणि धावत जाऊन पाणी आणलं.

मोबाईलशी तर त्यांचं उघड वैर. कोणी फोनवर फोटो दाखवला की नाना फोन फिरवणार, आणि आतला फोटो पुन्हा सरळ होणार. पुन्हा फिरवणार, पुन्हा सरळ. "हा उलटा होऊनच नाही राह्यला! कायले असला फोन घेतला बे?" म्हणून फोन परत. स्वतः त्यांनी तसला फोन घेतलाच नाही.

एका लग्नात मुलाकडच्यांनी कौतुकानं साखरपुड्याचा अल्बम नानांच्या हातात दिला. नानांनी तो फिरवला आणि पानामागून पान पाहत गेले. नवरदेवाची आई जवळ आली. "काहून हो भाऊजी, इतकी वाईट दिसते काय आमची सून?"

"सून छान आहे," नाना म्हणाले. "पण तिच्या डोक्यातून पंखा निघून राह्यला."

तो पंखा मग सगळ्या मांडवानं पाहिला, आणि नानांना त्या घरचं पुढचं कोणतंच आमंत्रण आलं नाही.

राळेगावच्या बाजूला आम्ही कापूस वेचणीचे फोटो काढायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. नाना शेताच्या कडेला पाठमोरे उभे राहिले, कमरेत वाकले, आणि स्वतःच्या दोन पायांमधून पांढरं शेत पाहू लागले. वेचणाऱ्या बायांना वाटलं, बुवाला चक्कर आली. दोघीजणी धावत आल्या, एकीनं कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला, दुसरीनं पाठीवर पाणी ओतलं. नाना ओरडत होते, "अवो बाई, मी पाहून राह्यलो! पाहू द्या मले!" काकू बांधावर बसून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

काकू प्रत्येक सहलीला असत. फोटोसाठी नाही, डब्यासाठी. सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, भाकरी, ठेचा आणि दह्याचा कडीचा डबा. नाना-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मंडळच घरचं. प्रेम त्यांना याडी म्हणायचा, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. सांभारवडीच्या वाटणीत याडी त्याला एक जास्त देते असा आमचा कायमचा आरोप होता, आणि तो खराही होता.

काकूंना एक खोड होती. आम्ही जिथं कॅमेऱ्याची तिवई लावू तिथंच नेमक्या त्या येऊन उभ्या राहत. दूर एकटं बसायला त्यांना आवडत नसे. मग कोणीतरी म्हणायचं, "काकू, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या." त्या मुकाट्यानं सरकत. सगळ्यात मोठ्यानं ओरडत ते नाना. "अगं, तुझी सावली पडली पाण्यात!"

"मग कुठं ठेवू तिला? डब्यात?"

आम्ही हसायचो, काकू आणखी दोन पावलं मागे जायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं. ज्यांच्या घरी हार्ड डिस्कवर जागा उरली नाही असे आम्ही लोक, त्या बाईला फ्रेमच्या बाहेर काढत राहिलो. मीही काढलं. सचिव म्हणून जरा जास्तच.

तर ती निळोण्याच्या तलावावरची सकाळ. थंडीचे दिवस होते. नाना पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उतारावर चिखलात पोटावर पडून एका बगळ्याची वाट पाहत होते. बाकीचे पांगले होते. डबा खाऊन झाला होता, आणि काकू भांडी आवरत होत्या. मला म्हणाल्या, "संजू, माझा एक काढ न रे. हे काही काढत नाहीत. म्हणतात, तू कुठं पळून चालली?"

मी कॅमेरा उचलला. त्यांनी केस नीट केले, पदर नीट केला. हातात डब्याचं झाकण होतं, ते ठेवायचं विसरल्या. मी म्हटलं, "काकू, हसा." त्या म्हणाल्या, "हसायचं काय त्यात?" आणि हसल्या. तेवढ्यात मी बटण दाबलं. मागे नुसतं पाणी होतं.

"आला का चांगला?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो. खरंच आला होता.

त्या भांडी घेऊन पाण्याकडे गेल्या आणि समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. निळाशार, इतक्या जवळ, की चोचीवरचा थेंब दिसावा. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर कार्ड भरलेलं. काहीतरी पुसायला हवं होतं. पडद्यावर शेवटचा फोटो समोरच होता, मागे जाऊन दुसरा शोधायला वेळ लागला असता. मी काकूंचा फोटो पुसला. मनात एवढंच आलं, की काकू काय, पुढच्या रविवारी आहेतच.

कॅमेरा पुन्हा वर नेईपर्यंत खंड्या उडाला होता.

पुढच्या रविवारी काकू होत्या. मी फोटो काढला नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. उन्हाळ्यात सकाळी चहा ठेवताना त्या ओट्यापाशीच कोसळल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेल्या.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो नव्हता. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांमागे चेहरा दिसत नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. तो पाहून पूर्वी काकू स्वतःच म्हणाल्या होत्या, "ही कोण बाई?" आता त्यालाच हार घातला. नाना त्याच्याकडे पाठ करून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "संजू, तुझ्याकडे आहे काय रे तिचा एखादा?"

"नाही नाना," मी म्हणालो. इतकं पटकन म्हणालो, की त्यांना शंका यायला हवी होती. आली नाही.

पुसलेला फोटो कधीकधी परत काढता येतो, हे मला नंतर कळलं. तोवर त्या कार्डावरून किती लग्नं आणि किती पक्षी येऊन गेले होते.

त्यानंतर मंडळात नाना नवे फोटो पाहीनासे झाले. "जुने आणा," म्हणायचे. "सहलींचे आणा. न निवडलेलेही आणा." प्रत्येक फोटो उलटा करून पूर्वीपेक्षा जास्त वेळ पाहत बसायचे आणि निकाल द्यायचेच नाहीत. लोक कुरकुरू लागले. एकदा प्रेमही म्हणाला, "नाना, हा खंड्या तुम्ही मागच्या वर्षीच पाह्यला. आता तरी जाऊ द्या त्याले." नाना म्हणाले, "खंड्याले कोण पाहते?" आम्हाला वाटलं, म्हातारा थकला.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. कॉम्प्युटर बिघडला म्हणाले. जाऊन पाहतो तर नानांनी पडदाच उलटा करून दोन विटांवर ठेवलेला. "मान दुखते रे वाकवून. हे बरं पडते. पण माऊस सारा विरुद्ध पळून राह्यला." मी खुर्चीत बसून पोट धरून हसलो. नानाही हसले. मग म्हणाले, "आता पाह्य."

पडद्यावर आमच्या सगळ्यांच्या फोटोंचे तुकडे होते. पाण्यावरची एक सावली. चौकटीच्या कडेला अर्धं आलेलं कोपर. हिरव्या पदराचं टोक. वहाणेतली टाच. बांगड्यांचा हात, त्यात कडीचा डबा. एका ठिकाणी मान वळवून बाजूला होणारी पाठ.

"उलटा केला की डोळा मधातल्या गोष्टीवर राहत नाही," नाना म्हणाले. "कोपऱ्यात जाते. तुमच्या साऱ्यांच्या कोपऱ्यांतून वेचून आणली. ही एवढी जमली." "चेहरा तेवढा राह्यला."

मी गप्प बसायला हवं होतं, किंवा सगळं सांगायला हवं होतं. मी मधलंच काहीतरी केलं. म्हणालो, "नाना, एक होता माझ्याकडे. निळोण्याचा. समोरून. कार्ड खराब झालं त्यात गेला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि मंडळात विचारतात तसं विचारू लागले.

"उजेड कुठून होता?"

"डावीकडून. पाण्यावरून येत होता."

"डोळे?"

"बारीक झालेले. हसत होत्या."

"हातात काही?"

"डब्याचं झाकण. ठेवायचं विसरल्या."

"मागं काही डोक्यातून निघून नव्हतं राह्यलं न?"

"नाही नाना. मागे नुसतं पाणी."

नानांनी डोळे मिटले. मग मान हळूहळू एका खांद्याकडे कलवली, आणखी कलवली, जितकी जाईल तितकी. आणि त्याच वाकड्या मानेनं ते म्हणाले, "टिकला असता."

मग डोळे पुसले, मान सरळ केली, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आजकाल कार्डंच बेकार येतात. तुझी काय चूक त्यात? चल, माऊसचं पाह्य."

मी माऊसचं पाहिलं. चहा घेतला. घरी आलो. त्यानंतर कितीतरी रविवार गेले. नाना अजून येतात, मी अजून किल्ली घेऊन वर्ग उघडतो, ते अजून जुने फोटो मागतात, आणि मी आणून देतो.

नानांना मी एक फोटो देणं लागतो. तो आता मला देता येणार नाही. आणि एक वाक्य देणं लागतो, या लेखाचं पहिलं. ते देता येण्यासारखं आहे. अजून दिलेलं नाही.