कादंबरीला मेमो

हिलाल आबांनी एका कादंबरीला मेमो दिला आहे. टीका केली, नापसंती दर्शवली असलं काही गुळमुळीत नव्हे. चांगला रीतसर मेमो. एस.टी.मध्ये ते वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर त्यांचं आयुष्य ड्रायव्हर-कंडक्टरांना मेमो देण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर द्यायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी एम.ए. इंग्रजीला नाव घातलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्दैवाने त्याच वर्गात मीही होते. मी नरडाण्याच्या शाळेत शिकवते. बढतीसाठी एम.ए. हवं म्हणून दर रविवारी देवपुरातल्या अभ्यासकेंद्रात जायचे. नोकरी करणाऱ्या बाईचा रविवार म्हणजे काय चीज असते, हे मी सांगायला नको. दळण, धुणं, सगळं तसंच टाकून मी तिथे बसायचे, आणि तो रविवार हिलाल आबा खाऊन टाकायचे.

अमेरिकन साहित्याच्या पेपरला एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. दारुड्या बापाला कंटाळून पळालेला एक पोरगा आणि मालकिणीकडून पळालेला एक गुलाम तराफ्यावर बसून मोठ्या नदीतून जातात, एवढी गोष्ट. आम्ही ती पास होण्यापुरती वाचली. आबांनी ती ड्यूटीवर असल्यासारखी वाचली.

पहिला भडका दिशेवरून उडाला. गुलामाची सुटका उत्तरेला, आणि धुक्यात फाटा चुकल्यामुळे तराफा दक्षिणेला निघालेला. जळगावहून येणारे शेख सर नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, फार सज्जन. त्यांनी सांगितलं की धुकं हे इथे प्रतीक आहे. आबा उभे राहिले. ते एरवी आमच्याशी शुद्ध बोलत, पण रागावले की अहिराणीत जात, म्हणजे जवळजवळ कायमच.

"धुकं तं सोनगीरलेबी पडस, सर. म्हनून इंदूरनी गाडी नाशिकले जास का?"

सरांनी नदीच्या प्रवाहाचं कारण दिलं. आबांनी ते फेटाळलं. मग ते दोघे तराफ्यावरून उतरले का नाहीत, हा मुद्दा तासभर चालला. मी घड्याळाकडे बघत आतल्या आत जळत होते. घरी धुणं भिजत पडलं होतं आणि इथे हा माणूस कधीच्या काळी वाहून गेलेला तराफा मागे वळवत होता.

त्यांचा राग कोणा एकावर नव्हता. पोराच्या बापावर होता, पोराला सुधारायला निघालेल्या बायकांवर होता, गुलामाला विकणाऱ्या दोघा ठगांवर तर इतका होता की त्यांच्याबद्दल बोलताना ते खिशातून शिट्टी काढतील असं वाटायचं. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवरही हेच. टपरीवाल्याला बिचाऱ्याला वाटायचं, डेपोतलीच काहीतरी भानगड आहे. "याले जबाबदार कोन शे?" असं आबांनी विचारलं की तो 'नवा मॅनेजर' असं म्हणून मोकळा व्हायचा.

खरा स्फोट शेवटच्या भागावर झाला. तिथे गुलाम पकडला जातो. एका शेडमध्ये त्याला कोंडून ठेवतात. पोराचा एक मित्र येतो आणि सुटकेची मोठी नाटकी योजना आखतो. दोघे मिळून त्या माणसाला उंदीर पाळायला लावतात, साप पाळायला लावतात, दिवसच्या दिवस खेळ करतात. आणि शेवटी कळतं की मालकीण मरताना त्याला मोकळा करून गेली होती. मित्राला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सरांनी हे आधीच सांगून टाकलं.

आबांनी पुस्तक मिटलं. "त्याले ठाऊक व्हतं, आन त्यानी सांगं नही?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, हो, आणि यावर समीक्षकांमध्ये मोठा वाद आहे. आबा म्हणाले की वाद कसला? जो माहीत असून सांगत नाही तो माणूसच नाही. आणि ते वर्गातून निघून गेले.

त्यानंतर त्यांनी तो भाग वाचायचा नाही असं ठरवलं. परीक्षेला सक्तीचा प्रश्न नेमका शेवटावर येई. त्याचं उत्तर म्हणून आबांनी दोन पानी इंग्रजी मेमो लिहिला. सदर दोन मुलांनी एका मोकळ्या इसमास विनाकारण डांबून ठेवले, सबब त्यांच्यावर कारवाई व्हावी, आणि लेखकाने याचा खुलासा करावा. ते नापास झाले. पुढच्या वेळी तोच मेमो स्मरणपत्र म्हणून लिहिला. पुन्हा नापास. लेखक हयात नाही असं सरांनी हात जोडून सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, मग प्रकाशकाकडे धाडा.

त्यांचे बाकीचे सगळे पेपर सुटले होते. हा एकच उरला होता (घरकामापायी माझाही राहिला होता), आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ही शेवटची संधी होती. या वेळी सुटला नाही तर नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात. इकडे आबांनी दारावर लावायची पाटी आधीच करून घेतली होती, नावापुढे एम.ए. लिहून. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलीय असं त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना लाजले. तो लाजरा चेहरा मला छळायला लागला. मला भयंकर राग आला. हट्टापायी एवढं घालवायचं म्हणजे काय? परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी धडकले.

दारातच त्यांची थोरली बहीण, अक्का, बसल्या होत्या. विधवा, एकुलता एक मुलगा भटू सुरतला. आबा आत चहा टाकत होते तेवढ्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलाच्या लग्नावरून त्या त्याला नको ते बोलल्या होत्या, तो भांडून गेला. फोन करत नाही, येत नाही. सुरतेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे निरोप तेवढा देतो, आणि हिलाल स्टँडवर जाऊन तो आणतो. बरा आहे, कामावर जातो, सुट्टी नाही. एवढाच निरोप, दर वेळी.

"तू शिकेल शे, माय," त्या म्हणाल्या. "सांग बरं, मायवर कोनी इतला राग धरस का?"

मी काहीतरी बोलले. धरत नाही, येईल, असंच काहीतरी.

मग गच्चीवर बसून मी आबांना शेवटचा भाग वाचून, समजावून सांगायला लागले. उंदीर, साप, सगळं. ते पांझरा नदीच्या बाजूला तोंड करून बसले होते, ऐकत नसल्याचं दाखवत. मी चिडून शेवटच्या पानावर आले. तिथे पोरगा म्हणतो, घरी जायची भीती वाटते, बाप असेल. तेव्हा तो गुलाम त्याला सांगतो, तुझा बाप आता यायचा नाही. पुराच्या पाण्यात वाहत आलेलं घर आठवतं? आत एक मेलेला माणूस होता, मी त्याचं तोंड झाकलं, तुला बघू दिलं नाही. तो तुझा बाप होता.

आबा वळले. "म्हंजे यालेबी ठाऊक व्हतं?"

म्हटलं, हो. पोराला धक्का बसू नये म्हणून दडवलं असेल.

"बठ्ठी नदीभर?"

"हो, आबा. सगळी नदीभर."

"मंग पोऱ्या काय बोलना? रागे भरना का?"

मी पान पुन्हा पाहिलं. पोरगा काहीच बोलत नाही. पुढच्या ओळीत वेगळाच विषय आहे. मी तसं सांगितलं.   आबांनी खाली, दाराच्या दिशेने पाहिलं आणि आवाज अगदी लहान केला.

"भटू नही शे, मास्तरीनबाई. तठे दवाखानामा गया. मीच आग दिधी त्याले. इतला वरीस व्हयनात, अक्काले सांगं नही."

आताचे निरोप सगळे त्यांचेच होते. आधी खरे येत, ड्रायव्हर आणत. मग यायचे थांबले, आणि आबांनी ते बनवायला घेतले. अक्कांना सोसणार नाही, एवढं एकच त्यांना वाटलं होतं. मला त्यांचा संताप आला, खरंच आला. आई तिथे बसून मुलाच्या रागाचं ओझं वाहतेय आणि हे सुट्टी नसल्याचं सांगतायत.  पण मी फक्त म्हटलं, उद्या पेपरला या. आणि घरी आले.

ते आले नाहीत. माझ्या शेजारचा बाक मोकळा राहिला. प्रश्न शेवटावरच होता. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. पेपर सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले.

दारात चपला होत्या. आबांनी सकाळीच अक्कांना भटूचं सांगितलं होतं. अक्का मधल्या खोलीत बसल्या होत्या, डोळे सुजलेले. नवीन कोणी बाई आली की तिचा हात धरून एकच गोष्ट सांगत होत्या. मलाही सांगितली.

"मना भटू रागमा नव्हता वं, बाई. त्याले येता येत नव्हतं."

आबा कोपऱ्यात भिंतीला टेकून होते. पेपरचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. शेजारीण माझ्या कानात म्हणाली, सांगितल्यापासून अक्का त्यांच्याशी बोललेल्या नाहीत, तोंडही पाहत नाहीत.

दुपार कलली तेव्हा अक्कांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे न बघता पाणी मागितलं. आबा धडपडत उठले. तांब्या भरून आणला, आणि तो पुढे करताना इतके रडले की पाणी अक्कांच्या मांडीवर सांडलं. अक्कांनी त्यांचा हात धरून स्थिर केला. स्वतः एक घोट घेतला आणि तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

"पी," त्या म्हणाल्या. "सकायपाईन काही खादं नही तू."