काहून भाषक, पुरुष एक

माणूस आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून ठरवणे धोक्याचे असते. दिसणारा माणूस खोटा निघू शकतो; मोजलेला सहसा निघत नाही. म्हणून सरकार दर दहा वर्षांनी माणसे मोजते आणि मधल्या काळात निश्चिंत असते.

एकोणीसशे अकरा सालची जनगणना या दृष्टीने फार चांगली झाली. कोण आंधळा, कोण मुका, कोण विधुर, कोण काय बोलतो, सगळे दारोदार विचारले गेले. (वयही विचारले. त्या साली बहुतेक प्रजा तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षांची होती. मधल्या वयांचे लोक कुठे गेले होते याचा उल्लेख नाही.) मग उत्तरांच्या बेरजा झाल्या, बेरजांचे तक्ते छापले गेले, आणि ज्या कागदांवर माणसांची नावे होती ते रद्दीत निघाले. आज तक्ते आहेत, नावे नाहीत. हे योग्यच झाले. नावे ठेवली असती तर जागा फार लागली असती, शिवाय वारसांचा त्रास झाला असता.

दीपमालाला एरवी यात काही गैर वाटले नसते. ती रायपूरजवळ, उरल्याच्या कारखान्यांतल्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत काम करते. भट्टीवरून पोलादाचा नमुना येतो, त्यात कार्बन किती, गंधक किती ते ती बघते, आकडा कळवते, आणि नमुना भंगारात टाकते. भंगार पुन्हा भट्टीत जाते. आजवर एकाही नमुन्याने तक्रार केलेली नाही. पण या उन्हाळ्यात तिच्या मुलीला, पायलला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आणि सोबत निरोप आला की पंधरा दिवसांत जातीचा दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. तेव्हा दीपमालाला प्रथमच नमुन्याच्या बाजूने विचार करावा लागला.

नियम सोपा आहे. कुटुंब एकोणीसशे पन्नासच्या आधीपासून इथले आहे असे दाखवावे, दाखला घ्यावा. दीपमालाच्या नवऱ्याचे, राकेशचे, पणजोबा लहानू शंभरावर वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला रायपूरला आले. तेव्हापासून या घराने रूळ घातले, डबे दुरुस्त केले, अलीकडे पोलाद वितळवले. एकच गोष्ट करायची राहून गेली. जमीन घेतली नाही. आणि जुनी नोंद म्हणजे जमिनीची नोंद.

कचेरीत हे काम नरहरीबाबू बघतात. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, तेव्हा जमीन मुबलक होती. नरहरीबाबू मराठीच, पण ते कचेरीत हिंदीतून नकार देतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर मराठीतून हळहळतात. ही वाटणी त्यांनी तीस वर्षे निष्ठेने सांभाळली आहे.

"दीदी, ज़मीन का काग़ज़?"

"जमीन नव्हती हो."

"तो नहीं थी, इसका काग़ज़?"

जमीन नसल्यास शाळेचा दाखला चालतो. (लहानू शाळेत गेले नव्हते, कारण तेव्हा त्यांना शाळेत घेत नसत. घेत नसल्याचा दाखला शाळेने ठेवलेला नाही.) तोही नसल्यास जुनी जनगणना. "जनगणना चलेगी," नरहरीबाबू उदारपणे म्हणाले. ती आजवर कोणी आणलीच नव्हती, त्यामुळे चालत नाही असेही सिद्ध झालेले नव्हते.

दीपमालाने त्या जनगणनेचा छापील खंड एका ग्रंथालयाच्या संग्रहातून मोबाइलवर उतरवून घेतला आणि बीरगावच्या घरी ओट्यावर बसून भाषांचा तक्ता काढला. शेजारी तिच्या सासूबाई, भीमाबाई, लसूण सोलत होत्या. रायपुरातले मराठी भाषक एका आकड्यात बसवले होते. लहानूही त्यातच कुठेतरी असणार. पण पाण्यातून मीठ परत काढता येते, बेरजेतून माणूस काढता येत नाही.

तक्त्याच्या अगदी तळाशी किरकोळ भाषा होत्या. त्यातली शेवटची तिने मोठ्याने वाचली. "काहून. पुरुष एक, स्त्रिया शून्य." खाली बारीक अक्षरात तळटीप होती: ही भाषा यापूर्वी कुठेही नोंदलेली आढळत नाही. बोलणारा रेल्वेच्या कामावर असून स्वभावाने शंकेखोर आहे. अधिक संशोधन व्हावे.

भीमाबाईंच्या हातातून लसूण सुटला.

"अवं, हे तं आमचे बुवा होय!"

"कोन बुवा, माय?"

"लहानूबुवा वं! माह्या सासऱ्याचे बाप. मी लगीन होऊन आली तवा होते ना. त्याईले काईबी विचारा, पैले 'काहून?' म्हनत. बुवा, जेवता का? काहून? मंग दोन भाकरी जास्त खात."

प्रकार उघड होता. मोजणीदाराने विचारले असणार, तुझी भाषा कोणती. लहानूंनी विचारले असणार, काहून? म्हणजे, का? तुला कशाला हवी? मोजणीदार हिंदी मुलखातला आणि प्रामाणिक. त्याने ऐकले ते लिहिले. ज्या शहाण्या लोकांनी सरळ उत्तर दिले ते सगळे बेरजेत गेले. ज्याने उलट प्रश्न केला तो एकटा शिल्लक राहिला.

नरहरीबाबूंनी तक्ता दोनदा वाचला. एकच माणूस, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता नाही, हे त्यांना पटले. पण त्यातून कायदेशीर अडचण उभी राहिली. पूर्वज काहून भाषक असेल तर कुटुंब मराठी कसे? एक तर पूर्वज तुमचा नाही, किंवा भाषा तुमची नाही.

टपरीवर त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, काहून म्हणजे काय ते मला काय कळत नाही? पण मला कळून उपयोग नाही. कचेरीला कळायला पाहिजे."

दीपमालाने विचार केला. यंत्राने जे दाखवले तेच मापन, हे ती रोज सुपरवायझरला सांगते. तिने अर्जात लिहिले: अर्जदार मुलगी काहून भाषक कुटुंबातली आहे. कचेरीला हे फार आवडले. प्रत्यक्ष पडताळणीचा हुकूम निघाला.

मुदतीला तीन दिवस उरले असताना पडताळणी अधिकारी बीरगावला आले. सोबत नरहरीबाबू होते. भीमाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या.

"अम्मा, आपकी भाषा कौन सी है?"

भीमाबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळले. "काहून?"

अधिकाऱ्यांनी समाधानाने लिहून घेतले. "और घर में कौन-कौन बोलता है?"

"काहून?"

"हव अम्मा, वही पूछ रहा हूँ."

सगळे नियमानुसार चालले होते. तेवढ्यात पायल पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. पायलला मराठी सगळी समजते. उत्तर मात्र ती हिंदीत देते, तिच्या वयाची सगळीच पोट्टी देतात.

"बेटी, तुम्हारी भाषा?"

पायल दचकली. "क्यों?"

पेन थांबले. समोरच्या रस्त्यावरून उरल्याचा एक ट्रक धूळ उडवत गेला. दीपमालाने राकेशकडे पाहिले. राकेशने चपलांकडे.

"ये तो दूसरी हो गई," अधिकारी खेदाने म्हणाले. "दाखला तर हिलाच पाहिजे ना?" असे ते म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच होता.

"मतलब एकच आहे, साहेब," दीपमाला म्हणाली. घाईत ती मराठीत बोलली, आणि त्यामुळे ते नोंदले गेले नाही.

मग नरहरीबाबू पुढे झुकले. तीस वर्षांत त्यांनी हिंदीतून नकाराशिवाय काही दिले नव्हते. "सर," ते म्हणाले, "अपभ्रंश है."

हा शब्द अधिकाऱ्यांना शाळेपासून माहीत होता आणि वापरायची संधी कधी मिळाली नव्हती. त्यांनी लिहिले: नातीची भाषा 'क्यों' असून ती काहून भाषेचा शहरी अपभ्रंश आहे. आजी व नात यांचा प्रश्न एकच असल्याने वंश सिद्ध होतो.

मुदतीच्या आदल्या दिवशी दाखला मिळाला. पायल आता कॉलेजात रक्तदाब मोजायला शिकते आहे. भीमाबाईंचा दंड तिला सरावासाठी दिलेला आहे. ("काहून दाबून राहिली वं?" असे त्या दर वेळी विचारतात.)

त्यानंतर नवी जनगणना आली. दारात मोबाइल घेतलेली एक मास्तरीण उभी होती. तिने मातृभाषा विचारली. पायलने आजीकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच परक्या माणसाला मराठीत उत्तर दिले. "मराठी. आमची मराठी होय."

दीपमाला पोळी तव्यावर टाकून धावत आली. "अवं खोटं नको बोलू! दाखला रद्द होईल!"

त्यामुळे नोंद झाली ती अशी: काहून, पुरुष एक, स्त्रिया तीन. शंभरावर वर्षांत चौपट झालेली भाषा देशात दुसरी नसावी. शंकेखोरपणाच्या तळटिपेला आता जागा राहिलेली नाही.

मराठी भाषकांत चार माणसे कमी झाली, याचे मराठी वाचकाला वाईट वाटेल. वाटू द्यावे. पण एक दिवस तुमच्याही दारावर बेल वाजेल. दार तुमचा मुलगा उघडेल. त्याला मातृभाषा विचारतील. तो मोबाइलवरून नजर न उचलता "व्हाय?" म्हणेल. आणि मोजणीदार तेव्हाही प्रामाणिकच असेल.