चांगोकाकांची ब्राह्मी

चांगोकाका फाटकातून आत आले की आधी चपला काढून हातात घेतात. आत देऊळ नाही. फणसाखाली जमिनीलगत पसरलेली, गोल पानांची ब्राह्मी आहे. तिच्यावर ते पाय ठेवतच नाहीत, कडेकडेने जातात; तरी चपला हातातच. "तिला चपलांचा आवाज सोसत नाय," म्हणतात.

टोकावड्याजवळच्या या फार्महाऊसवर आम्ही दोघे माळी. काका इथलेच, जन्म भातात गेलेला. मी नांदेडकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी काम विचारत फिरत होतो, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "कोयता धरता येतो का रे?" आणि इथे आणलं. ते उपकार मी विसरत नाही, आणि काम सुटेल ही धास्ती मला विसरत नाही.

फणसाखाली शेठनी दोनदा विकतचं लॉन अंथरलं. दोन्ही वेळा सावलीत पिवळं पडून मेलं. मग काकांनी ओढ्याकाठची ब्राह्मी पाटीभर उपटून आणली आणि भाताच्या आवणीसारखी, दोरी धरून ओळीत लावली.

"काका, ही आपोआप पसरणार. ओळी कशाला?"

"आवनी ती आवनी. वाकडी लावली तं गाव हसल."

दोन महिन्यांत ती अशी माजली की ओळी तिच्या तिलाही सापडेनात. काकांना अजून दिसतात. "तुझा पाय तिसऱ्या ओळीत हाय!" असं लांबून ओरडतात.

येईल त्याला त्यांचं एकच भाषण. "हिला काय लागत नाय. खत नाय, कापनी नाय. एकदा लावली का जन्माची." हे सांगतात उकिडवे बसून, तिच्यातली फणसाची पानं एकेक वेचत. रोज सकाळचे तीन तास.

गेल्या रविवारी भाषण शेठनी ऐकलं. ब्राह्मीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असं असेल तर चांगो, पुढच्या महिन्यापासून एकच माणूस पुरेल की."

माझ्या हातातल्या पाइपचं पाणी माझ्याच पायांवर पडत राहिलं.

काका खाकरले. "तसा नाय शेठ. दिसते गरीब, पन लय नखऱ्याची. गवत हिच्यात लपून वाढतं, हातानंच काढावं लागतं. पाऊस गेला का रोज पानी. दोन मानसं पन कमी पडतात."

वर्षभर जिला मिरवलं तिची नालस्ती, तीही तिच्यासमोर! काकांनी तिच्याकडे पाठ केली होती.

"बरं, राहू दे दोघं," म्हणत शेठ गाडीकडे गेले.

दुपारी डबे उघडले तेव्हा मी म्हणालो, "काका, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कशाला रे?" काका खेकसले. "तुझी काकी गेल्यापासून घरात घास उतरत नाय. पोरं कल्याणला. हितं तू समोर बसतोस, हे खारट, ते तिखट, नुसती कटकट. तवा कुठं भाकर पोटात जाते."

मी हात पुढे केला. त्यांच्या डब्यातली सुकटाची चटणी चाखली. चांगली झाली होती.

"काका, मीठ किती घातलंय हे!" मी म्हणालो.

"मग खाऊ नको," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसरी भाकर मोडली.